संयुक्त क्रियापद

धातुसाधित आणि त्यानंतर येणारे सहाय्यक क्रियापद यांच्या संयोगातून जेव्हा एकाच क्रियेचा बोध होतो, तेव्हा त्या संयोगास मराठी व्याकरणात ‘संयुक्त क्रियापद’ म्हणतात. उदा., ‘त्याने कांदा विकून टाकला’ या वाक्यात विकणे आणि टाकणे अशा दोन क्रिया नाहीत. क्रिया विकण्याची एकच असून ‘टाकणे’ या क्रियापदाने ती हातावेगळी झाल्याचे सुचविले आहे. ‘तो कांदा विकू शकतो’ यातही क्रिया एकच आहे. पण येथे ‘शकणे’ या क्रियापदाने ती कशी झाली हे सांगितलेले नसून ती करणे कर्त्याच्या आवाक्यात आहे, एवढेच सांगितले आहे. अशा रीतीने संयुक्त क्रियापद या एकाच नावाखाली दोन वेगळ्या स्वरूपाचे संयोग येतात. हे दोन्ही संयोग एकाच वाक्यात एकत्र आले, म्हणजे त्यांचा क्रम, रूपे आणि अर्थ निश्चित नियमांनी बांधलेले असतात. इंग्रजीतील पदसमूहात्मक क्रियापदे (उदा., ‘सेल ऑफ’, ‘गिव्ह अप’, ‘कॅरी आउट’) आणि ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांसारखी सहाय्यके यांचा संबंध काही अंशी याच जातीचा आहे, तथापि त्याची रचना मराठीच्या उलट आहे.

पूर्वेतिहास : विल्यम केरी यांचे मराठी भाषेचे इंग्रजीतील व्याकरण १८०५ मध्ये आणि दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरण (१९११) या ग्रंथात मराठी क्रियापदाचा सांगोपांग विचार आढळतो. शालेय व्याकरणात रूढ झालेली कसोटी अशी, की दोन पदांपैकी धातुसाधिताने दाखविलेली क्रिया मुख्य असावी आणि पुढील क्रियापदाने स्वतःचा मूळ अर्थ सोडलेला असावा. ‘तो पत्र लिहून गेला’ याचा अर्थ ‘पत्र लिहिले आणि मग गेला’ असा असेल, तर क्रिया दोन आहेत आणि संयोग नाही. ‘रागाच्या भरात तो भलतेच लिहून गेला’ या वाक्यात मात्र कोणी कोठे गेलेले नाही. म्हणून तेथे संयुक्त क्रियापद आहे. पहिल्या वाक्यात दोन पदांमध्ये ‘घरी’ हा शब्द घालता येतो, दुसऱ्यात येत नाही. पारंपरिक व्याकरणातील मतांची चिकित्सा कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद (१९८७) या ग्रंथात केली आहे. राजेश्वरी पंढरीपांडे (१९९७) तसेच रमेश धोंगडे व काशी वाली (२००९) यांनी इंग्रजीत लिहिलेल्या मराठीच्या वर्णनपर व्याकरणांमुळे आधुनिक भाषाविज्ञानाच्या परिभाषेतही हा विषय उपलब्ध झाला आहे.

दोन प्रकारची सहाय्यके : पहिल्या प्रकारची सहाय्यके क्रियेला विशिष्ट छटा देतात; त्यांना सोयीसाठी छटादर्शक क्रियापदे म्हणता येईल. मुख्य क्रियापद येथे ऊन-प्रत्ययान्त रूपात येते. ‘टाकणे’ याने क्रिया एकदाची उरकल्याचा, ‘देणे’ याने ती दुसऱ्यासाठी केल्याचा, ‘घेणे’ याने स्वतःसाठी केल्याचा आणि ‘ठेवणे’ याने ती पुढील उपयोगासाठी करून राखल्याचा भाव व्यक्त होतो. ‘बसणे’ याने अविचाराने घडलेली व आता परत न फिरणारी क्रिया सूचित होते (‘नको ते बोलून बसला’). ‘जाणे’ याने पुष्कळदा अनवधान दिसते (‘विसरून गेला’). ‘फेटाळून लावणे’, ‘पिंजून काढणे’ असे काही संयोग ठरावीक धातूंपुरतेच रूढ आहेत.

दुसऱ्या प्रकारची सहाय्यके शक्यता, सामर्थ्य, कर्तव्य, सक्ती, परवानगी, निषेध इ. अर्थ दाखवितात. क्रियापदाच्या स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ या रूपांना मराठी व्याकरणात ‘अर्थ’ ही संज्ञा असल्यामुळे या सहाय्यकांना अर्थसूचक म्हणणे सयुक्तिक ठरेल. शकणे, येणे, लागणे, पाहिजे, हवे, नये आणि परवानगी दाखविणारे ‘देणे’ ही त्यांतील प्रमुख होत. यांशिवाय ‘वा’ प्रत्ययाचा विध्यर्थ (‘विकावा’) आणि शक्य क्रियापद (‘विकवते’) ही प्रत्ययाने सिद्ध होणारी रूपे हेच कार्य करतात.

क्रम व रूपे : दोन्ही प्रकारची सहाय्यके एकत्र आल्यास मुख्य क्रियापद प्रथम, छटादर्शक त्यानंतर आणि अर्थसूचक शेवटी असा क्रम असतो. अर्थसूचकाला आपल्या आधीच्या पदाचे जे रूप हवे असते, ते रूप छटादर्शक क्रियापद धारण करते. मुख्य क्रियापदाचे ऊन-रूप बदलत नाही. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव ही कांद्याची मोठी बाजारपेठ आहे. शेतमालाच्या अशा व्यवहारात नित्य कानी पडणारे ‘विकून टाकणे’ हे क्रियापद उदाहरणादाखल घेतल्यास पुढील रूपे मिळतात :

तो कांदा विकून टाकू शकतो.
त्याला कांदा विकून टाकता येतो.
त्याला कांदा विकून टाकावा लागतो.
त्याने कांदा विकून टाकला पाहिजे.
त्याने कांदा विकून टाकायला हवा.
त्याने कांदा विकून टाकू नये.
त्याला कांदा विकून टाकू द्यावा.

या सात वाक्यांत ‘विकून’ हे पद अविकृत राहिले आहे, तर ‘टाकणे’ याची टाकू, टाकता, टाकावा, टाकला, टाकायला अशी पाच रूपे झाली आहेत. कर्त्याची विभक्तीही अर्थसूचकच ठरवितो. ‘शकणे’ याबरोबर कर्ता प्रथमेत राहतो आणि भूतकाळातही क्रियापद त्याच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते : ‘ती कांदा विकून टाकू शकली’. ‘टाकणे’ एकटे असते, तर ‘तिने कांदा विकून टाकला’ असा कर्मणी प्रयोग झाला असता. ‘येणे’ व ‘लागणे’ यांबरोबर कर्ता ‘ला’-प्रत्ययान्त होतो आणि क्रियापद कर्माशी जुळते : कांदा विकून टाकावा लागला, जमीन विकून टाकावी लागली, शेत विकून टाकावे लागले, मेंढ्या विकून टाकाव्या लागल्या. ‘पाहिजे’ व ‘नये’ यांबरोबर कर्ता ‘ने’-प्रत्ययान्त असतो.

एकच क्रियापद दोन्ही प्रकारांत येऊ शकते. अशा वेळी त्याचे कार्य आधीच्या पदाच्या रूपावरून ओळखावे लागते. ‘करून दे’ यात दुसऱ्यासाठी काम करण्याची आज्ञा आहे, ‘करू दे’ यात परवानगी आहे. ‘त्याला हा नाद सोडून देऊ द्या’ या वाक्यात ‘देणे’ दोन्ही कार्ये एकामागून एक करते. ‘लागणे’ याचीही अशीच स्थिती आहे. ‘तो कांदा विकू लागला’ किंवा ‘विकायला लागला’ यात आरंभ आहे, ‘त्याला कांदा विकावा लागला’ यात सक्ती आहे. बोलण्यात ‘मला जायला लागेल’ असेही सक्तीच्या अर्थाने म्हणतात; तेव्हा आरंभ व सक्ती यांतील भेद केवळ कर्त्याच्या विभक्तीवर अवलंबून राहतो.

संयोगावरील मर्यादा : प्रत्येक छटादर्शक क्रियापद प्रत्येक अर्थसूचकाशी जुळत नाही. टाकणे, देणे, घेणे, ठेवणे यांत कर्त्याचा हेतू गृहीत असल्यामुळे त्यांच्यापुढे कर्तव्य, सक्ती व परवानगी दाखविणारी सहाय्यके सहज येतात. ‘बसणे’ आणि अनवधानदर्शक ‘जाणे’ यांत हेतूचा अभाव असतो. त्यामुळे ‘रागाच्या भरात तो काहीही बोलून जाऊ शकतो’ हे वाक्य स्वाभाविक वाटते. परंतु ‘त्याने भलतेच बोलून गेले पाहिजे’ असे कोणी म्हणत नाही, कारण चूक हे कर्तव्य होऊ शकत नाही. पहिल्या वाक्यात ‘शकणे’ याचा अर्थही सामर्थ्य असा न राहता संभव असा होतो. निषेध मात्र या क्रियापदांना मानवतो : ‘काही करून बसू नकोस’.

नकारार्थी वाक्यांत याच नियमाची दुसरी बाजू दिसते. ‘त्याने कांदा विकला नाही’ हे वाक्य सहज आहे. ‘विकून टाकला नाही’ हे विशेष संदर्भावाचून खटकते. जी क्रिया घडलीच नाही, तिच्या पूर्णतेची छटा सांगण्याचे कारण नसते. तथापि ‘विकून टाकू नये’ हे निर्दोष आहे, कारण निषेध करताना ती क्रिया पुरती घडून जाण्याची भीती बोलणाऱ्याच्या मनात असते. ‘तो विसरून गेला नाही’ हे क्वचित आढळते. ‘विसरून जाऊ नकोस’ हे नित्याचे आहे.

इंग्रजीतील रचना : क्रियापद आणि त्याला जोडून येणारे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘डाउन’ यांसारखे अव्यय मिळून जेव्हा एक अर्थ व्यक्त करतात, तेव्हा त्यांस पदसमूहात्मक क्रियापद म्हणतात. त्याची रूढ इंग्रजी संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ मधील ग्रंथामुळे प्रचारात आली. मराठीत जी छटा दुसऱ्या क्रियापदाने येते, ती इंग्रजीत अनेकदा या अव्ययाने येते : ‘सेल ऑफ’ म्हणजे विकून टाकणे, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. मात्र हे साम्य सार्वत्रिक नाही. ‘लुक आफ्टर’ याला ‘सांभाळणे’ हे एकच क्रियापद पुरते, ‘कॅरी आउट’ याला ‘पार पाडणे’ हा नामघटित प्रयोग लागतो, तर ‘पुट अप विथ’ या तीन पदांच्या समूहास ‘खपवून घेणे’ हा संयोग समर्पक होतो.

अर्थसूचक सहाय्यक इंग्रजीत प्रथम येते, त्यानंतर क्रियापद मूळ रूपात आणि शेवटी अव्यय येते : ‘मस्ट सेल ऑफ’. सहाय्यक आणि अव्यय ही दोन्ही टोके अविकारी असतात. प्रश्नार्थक वाक्यात सहाय्यक कर्त्याच्या आधी जाते, नकार सहाय्यकाला जोडला जातो, कर्मणी प्रयोगात ‘मस्ट बी सोल्ड ऑफ’ असे रूप होते; परंतु अव्यय क्रियापदाच्याच पाठीशी राहते. कर्म सर्वनाम असल्यास ते क्रियापद व अव्यय यांच्यामध्ये घालावे लागते : ‘मस्ट सेल इट ऑफ’, ‘कॅनॉट गिव्ह इट अप’. ‘लुक आफ्टर’ यासारख्या क्रियापदांत मात्र सर्वनाम शेवटी येते : ‘मस्ट लुक आफ्टर इट’. मराठीत अर्थाचा व प्रयोगाचा सारा भार वाक्याच्या अखेरीस असतो, तर इंग्रजीत तो आरंभीच उचलला जातो. मराठी भाषक विद्यार्थ्यांकडून वाक्याच्या शेवटचे अव्यय गळते किंवा सर्वनाम अस्थानी पडते, ते मुख्यतः या विरुद्ध ठेवणीमुळे.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. प्रमाण इंग्रजीत दोन अर्थसूचक सहाय्यके लागोपाठ येत नाहीत. मराठीत ती येऊ शकतात. ‘कांदा विकून टाकावा लागू शकतो’ यात सक्ती आणि संभव, तर ‘कांदा विकून टाकता यायला हवा’ यात सामर्थ्य आणि अपेक्षा अशी दुहेरी योजना आहे. इंग्रजीत यांपैकी एकासाठी ‘हॅव टु’ किंवा ‘बी एबल टु’ असा पर्यायी शब्दसमूह योजावा लागतो : ‘मे हॅव टु सेल ऑफ’, ‘शुड बी एबल टु सेल ऑफ’.

अर्थभेद व भाषांतर : इंग्रजीतील एका सहाय्यकाचे मराठीत अनेक वाटे होतात. ‘कॅनॉट सेल ऑफ’ या शब्दांचे मराठीकरण करताना न विकण्याचे कारण ठाऊक असावे लागते. कायद्याची किंवा परिस्थितीची आडकाठी असेल, तर ‘जमीन विकून टाकता येत नाही’; मन धजत नसेल, तर ‘जमीन विकून टाकवत नाही’; कारण अध्याहृत ठेवावयाचे असेल, तर ‘विकून टाकू शकत नाही’. शक्य क्रियापदाने व्यक्त होणारा आतून होणारा हा प्रतिबंध मराठीचे वैशिष्ट्य मानता येईल.

‘मस्ट’ याचे कर्तव्य आणि अनुमान असे दोन अर्थ आहेत. कर्तव्याच्या अर्थी ‘त्याने जमीन विकून टाकली पाहिजे’, अनुमानाच्या अर्थी ‘त्याने जमीन विकून टाकली असली पाहिजे’ किंवा ‘विकून टाकली असावी’ अशी भिन्न रूपे होतात. ‘असेल’ याने अंदाज आणि ‘असणार’ याने अधिक खात्री दिसते. ‘शुड हॅव सोल्ड ऑफ’ म्हणजे ‘विकून टाकायला हवा होता’. यात क्रिया घडलेली नाही. ‘हॅड टु सेल ऑफ’ म्हणजे ‘विकून टाकावा लागला’. यात ती घडली आहे, पण स्वेच्छेने नव्हे. ‘कुड हॅव सोल्ड ऑफ’ यासाठी ‘विकून टाकू शकला असता’ असा संकेतार्थ वापरतात. नकारात तर गफलत हमखास होते. ‘मस्ट नॉट सेल ऑफ’ हा निषेध असून त्याला ‘विकून टाकू नये’ किंवा ‘विकून टाकता कामा नये’ हे पर्याय आहेत. ‘विकून टाकावा लागत नाही’ हा ‘डझ नॉट हॅव टु’ याचा अर्थ होय. एकात मनाई आहे, दुसऱ्यात मोकळीक आहे.

हे भेद केवळ अभ्यासाच्या सोयीचे नाहीत. अर्ज, जबानी, करारपत्र यांत ‘जमीन विकली’, ‘विकून टाकली’ आणि ‘विकून टाकावी लागली’ या तीन वाक्यांनी एकाच व्यवहाराची तीन वेगळी चित्रे उभी राहतात. पहिल्यात नुसती घटना आहे, दुसऱ्यात कर्त्याने तिचा निकाल लावल्याची सूचना आहे, तिसऱ्यात त्याच्या संमतीविषयीच प्रश्न उपस्थित होतो. भाषांतरात सहाय्यक बदलले, तर सांगणाऱ्याची बाजूच बदलते.

राज्यकारभारातही या प्रश्नाला महत्त्व आले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या वर्षीच, १९६० मध्ये, भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ याने मराठीस राजभाषेचे स्थान मिळाले. विधिविषयक मराठीत बंधनकारक ‘शॅल’ यासाठी साधा भविष्यकाळ आणि अधिकार किंवा मुभा देणाऱ्या ‘मे’ यासाठी ‘-ता येईल’ ही रचना रूढ आहे. त्यामुळे ‘शॅल कॅरी आउट’ याचे ‘पार पाडील’ आणि ‘मे कॅरी आउट’ याचे ‘पार पाडता येईल’ असे रूपांतर होते. ‘पार पाडील’ यात सामान्य वाचकास भविष्यकथन दिसते, कायद्याच्या वाचकास आज्ञा दिसते.

बोली व अन्य भाषा : नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेकडील बागलाण, मालेगाव, कळवण या भागांत अहिराणी बोलली जाते. जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीत मराठीचा विचार सातव्या खंडात (१९०५), तर खानदेशीचा नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) स्वतंत्रपणे केला आहे. अहिराणीत स्वतंत्र पूर्वक्रिया दाखविण्यासाठी ‘करीसन’, ‘जाईसन’ अशी विस्तारित रूपे वापरतात, तर संयोगात बहुधा ‘करी टाक’, ‘खाई ले’ असे आखूड ईकारान्त रूप येते. प्रमाण मराठीत दोन्ही ठिकाणी ‘करून’ हेच रूप असल्याने दोन क्रिया आहेत की एक, हे संदर्भावरून ठरवावे लागते. अहिराणीत ते पुष्कळदा रूपावरूनच कळते. गुजरातीतील ‘करी नाख’ व हिंदीतील ‘कर डाल’ हे संयोग याच जातीचे आहेत; हिंदीत ऊन-रूपाऐवजी मूळ धातूच येतो.

द्राविड भाषांतही अशी रचना विपुल आहे, उदा., कन्नडमधील ‘माडिबिडु’ यात सोडणे या अर्थाचे क्रियापद ‘टाकणे’ याप्रमाणे वापरले आहे. एम्. बी. एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याची कल्पना मांडली आणि कॉलिन मासिका यांनी १९७६ मधील ग्रंथात त्या क्षेत्राच्या लक्षणांचा विस्ताराने शोध घेतला. या लक्षणांत संयुक्त क्रियापदाचा समावेश होतो. पीटर हुक यांचा हिंदी संयुक्त क्रियापदावरील अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला.

अध्यापन : यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना नाशिक येथे १९८९ मध्ये झाली. अशा दूरशिक्षणात शिक्षक समोर नसल्याने स्वयं-अध्ययनाच्या साहित्याला विशेष महत्त्व येते. इंग्रजी क्रियापदांच्या याद्या अर्थांसह पाठ केल्याने त्यांची योजना साधत नाही. प्रथम मराठी वाक्यातील मुख्य क्रिया, तिची छटा आणि अर्थसूचक हे तीन घटक वेगळे करावेत. मग अर्थसूचकासाठी सहाय्यक निवडून ते आरंभी ठेवावे आणि छटेसाठी अव्यय लागते किंवा नाही, हे शेवटी ठरवावे. इंग्रजीतून मराठीत येताना हाच क्रम उलटा घ्यावा लागतो. पदास पद न जुळविता घटकास घटक जुळविल्यास क्रिया घडली किंवा नाही, ती करणाऱ्याची इच्छा होती किंवा नाही आणि ती करण्यास त्याला मुभा होती किंवा नाही, या तिन्ही गोष्टी भाषांतरात शाबूत राहतात.